तळं गोठतं तेव्हा किडे जातात कुठे?

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या एका आजोबांचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा कॅनडात, ओंटारिओच्या दक्षिण भागात राहतो. घरामागे छोटं तळं आहे. ते डिसेंबरात वरून गोठतं आणि मार्च संपेपर्यंत तसंच राहतं. बर्फ गेल्यावर थोड्याच दिवसांत पाण्यात पुन्हा किडे वळवळायला लागतात. नातू विचारतो, हे आले कुठून? त्याला जोडून आजोबांचा स्वतःचाही प्रश्न आहे. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात, आणि त्यांच्या शेततळ्यातही पौष-माघात किडे कमी दिसतात. मग दोन्हीकडे थंडीनेच किडे मरतात का?

मरत नाहीत. थंडी बहुतेक किड्यांना थांबवते, मारत नाही. गोठलेल्या तळ्यात किडा मेलाच तर बहुतेक वेळा गुदमरून मरतो. आणि मेढ्याच्या शेततळ्यातले किडे कमी दिसण्याचं कारण थंडी नसून पाण्याचं वेळापत्रक आहे. आधी कॅनडाचं सांगतो, कारण ते कळलं की आपलं आपोआप उलगडतं.

पाणी थंड होताना जड होत जातं, पण फक्त ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याखाली गेलं की पुन्हा हलकं व्हायला लागतं, आणि बर्फ तर पाण्यापेक्षा सुमारे आठ-नऊ टक्क्यांनी हलका. म्हणून ओंटारिओत नोव्हेंबरात तळं थंड होत जातं तसं वरचं गार पाणी खाली बसतं, खालचं वर येतं, आणि सगळं तळं ४ अंशांच्या आसपास येईपर्यंत ही घुसळण चालते. त्यानंतर वरचा थर आणखी गार होतो, पण आता तो हलका असल्याने वरच राहतो आणि तिथेच गोठतो. बर्फाला चिकटलेलं पाणी शून्य अंशाला, आणि तळाकडे ३ ते ४ अंश. बाहेर उणे २० असो की उणे ३०, तळाशी बसलेल्या किड्याच्या अंगाला फरक पडत नाही.

इथे एक बारकावा आहे. हे चित्र खोल सरोवराचं. घरामागचं तळं उथळ असतं, वारा ते ढवळत राहतो, त्यामुळे ४ अंशांवर न थांबता सगळंच पाणी २ अंशांपर्यंत उतरतं आणि मग वर बर्फ धरतो. पण गाळाने उन्हाळाभर ऊब साठवलेली असते. बर्फाने वारा तोडला की ती ऊब हळूहळू वर यायला लागते आणि तळालगतचं पाणी पुन्हा ४ अंशांकडे सरकतं. म्हणजे जानेवारीत तळाचं पाणी डिसेंबरच्या सुरुवातीपेक्षा किंचित उबदार असू शकतं. ऐकणाऱ्याला हे थापेसारखं वाटतं, पण थर्मामीटर हेच दाखवतो.

गोठण्यालाही पाणी सहजासहजी तयार होत नाही. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायचा तर त्यातून ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. शिवाय बर्फ जाड होत गेला, त्यावर भुसभुशीत हिम साचलं, की खालची उष्णता बाहेर जाण्याचा वेग घटतो. एक मीटरपेक्षा खोल तळं दक्षिण ओंटारिओत सहसा तळापर्यंत गोठत नाही, ते यामुळे.

तर थंडीचा प्रश्न पाण्याने परस्पर सोडवला. आता खरा प्रश्न, श्वासाचा.

थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. समुद्रसपाटीला शून्य अंशाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर २५ अंशांना जेमतेम सव्वाआठ. किड्याची गरजही थंडीत उतरते. तापमान १० अंशांनी घटलं की शरीराचा खर्च साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला तिजोरी भरलेली आणि खर्च कमी, पण तिजोरीला कुलूप. बर्फामुळे हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरू शकत नाही. बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल तर ऊन आत शिरतं, शेवाळ आणि पाणवनस्पती थोडाफार ऑक्सिजन तयार करत राहतात. पण वीतभर हिम वर पडलं की आत काळोख. मग तळाशी पडलेला पाला कुजत राहतो आणि साठा खात राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी ओसरायला लागलेली असताना, तळ्यात मासे मेलेले सापडतात ते याच कारणाने. लोक म्हणतात थंडीने मेले. थंडीनेच मरायचे असते तर जानेवारीतच मेले असते.

किडे इथे माशांपेक्षा वरचढ ठरतात, आणि प्रत्येकाची युक्ती वेगळी आहे.

गाळातल्या लाल अळ्या घ्या. न चावणाऱ्या घुंगुरट्यांच्या या अळ्या मेढ्याच्या तळ्यातही आहेत. ओंजळभर गाळ पांढऱ्या ताटात पसरला तर गाळाच्याच बारीक नळ्यांतून लाल दोरे डोकं काढताना दिसतील. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तात असतं तेच द्रव्य, फक्त त्यांचं ऑक्सिजनला कितीतरी घट्ट धरणारं. जिथे मासा टिकणार नाही अशा पाण्यातूनही ही अळी ऑक्सिजन ओढून घेते. गोठलेल्या तळ्याच्या गाळात त्यांची वस्ती हिवाळाभर शाबूत असते. यातल्या काही जाती तर गाळासकट गोठूनही वसंतात पुन्हा हालचाल करतात.

पाणभुंगेऱ्याची गोष्ट मला जास्त आवडते. शेततळ्यांचं पाणी तपासायला जातो तेव्हा जाळीत तो हमखास येतो. बोटाच्या पेराएवढा, काळपट हिरवा, कडेने पिवळी रेघ. त्याला बादलीत सोडून थोडा वेळ बघत बसा. तो मागचा भाग वर करून पृष्ठभागाला टेकवतो, पंखांच्या टणक झाकणाखाली हवा भरून घेतो आणि खाली सूर मारतो. मागे एक चकाकणारा बुडबुडा अडकलेला असतो. हा बुडबुडा नुसती हवेची पिशवी नव्हे. किडा त्यातला ऑक्सिजन वापरतो तसा पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन बुडबुड्यात शिरत राहतो, म्हणजे बुडबुडाच कल्ल्याचं काम करतो. फक्त त्यातला नायट्रोजन हळूहळू पाण्यात विरून जातो, बुडबुडा आक्रसतो आणि किड्याला पुन्हा वर यावं लागतं. आपल्याकडे एप्रिलच्या कोमट पाण्यात तो सारखा वर-खाली करताना दिसतो. पाणी ३ अंशांवर असेल तर त्याची भूक इतकी कमी आणि पाण्यात ऑक्सिजन इतका जास्त की तोच बुडबुडा कितीतरी पटीने जास्त वेळ पुरतो. वर बर्फ असला तरी बर्फाच्या पोटाशी अडकलेल्या हवेच्या चकत्यांतून तो हवा घेतो. उताणे पोहणारे पाणढेकूणही हेच करतात. स्वच्छ बर्फातून खाली बघितलं तर ते भर जानेवारीत वल्ही मारताना दिसतात, हे नातवाला जरूर सांगा. शोधला तर त्यालाही दिसेल.

चतुर आणि टाचणी (चतुराचाच सडपातळ भाऊबंद) यांची पिल्लं पाण्यातच असतात, कल्ल्यांनी श्वास घेतात. हिवाळ्यात ती पाणवनस्पतींच्या बुडाशी, गाळावर जवळपास निपचित बसतात. काठच्या उथळ पाण्यातून खोल भागाकडे सरकतात, कारण त्यांचा खरा शत्रू बर्फाचा स्पर्श. नुसत्या गार पाण्यात किड्याच्या अंगातलं पाणी गोठत नाही, पण बर्फाचा स्फटिक अंगाला लागला तर गोठणं आत पसरतं. तरीही अपवाद आहेत. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात उथळ तळ्यांच्या बर्फाचे ठोकळे कापून वितळवले तेव्हा त्यात अडकलेली टाचणीची काही पिल्लं जिवंत निघाली, अशी नोंद शास्त्रीय नियतकालिकात आहे. सगळी नव्हे, काही.

आणि काही किडे पाण्यात थांबतच नाहीत. पाण्यावर पाय फाकून सरकणाऱ्या निवळ्या शरद ऋतूत तळं सोडून काठच्या पालापाचोळ्यात शिरतात आणि तिथेच हिवाळा काढतात. टाचण्यांच्या एका गटात माद्या पाणगवताच्या देठात अंडी टोचून ठेवतात. पिल्लं बाहेर येतात वसंतात, मधले महिने अंडी उणे तापमानात देठातच. क्युलेक्स डासांची मादी पोटात चरबी साठवून तळघरात, कपारीत दडून बसते. उलट वितळत्या हिमाच्या डबक्यांत निपजणारे एडिस गटातले डास अंड्याच्या रूपातच हिवाळा काढतात. मागच्या उन्हाळ्यात ओलसर पाचोळ्यात घातलेली ती अंडी हिमाचं पाणी साचलं की फुटतात. तेव्हा पाणी अजून बर्फगार असतं. नातवाला वसंतात सगळ्यात आधी दिसणाऱ्या वळवळत्या अळ्यांत या असण्याची शक्यता मोठी.

थोडे स्थलांतरही करतात. ग्रीन डार्नर नावाचा मोठा हिरवा चतुर शरदात ओंटारिओतून दक्षिणेकडे उडत जातो आणि वसंतात त्याच्या वंशातले चतुर उत्तरेला येतात. गेलेला तोच चतुर परत येत नाही, पुढच्या पिढ्या येतात. बर्फ जाऊन काहीच दिवस झालेले असताना तळ्यावर पूर्ण वाढलेला चतुर दिसला तर तो बहुधा दक्षिणेकडून आलेला पाहुणा. त्या तळ्यातली घरची पिल्लं अजून गाळावरच असतात.

आता हे किडे थांबायचं कधी ते ठरवतात कशावरून? सगळेजण म्हणतात तापमानावरून, पण ते अर्धंच खरं. तापमान लबाड असतं. नोव्हेंबरात चार दिवस ऊब येते, ऑगस्टात एखादी रात्र गारठते. दिवसाची लांबी मात्र फसवत नाही. टोरांटोत जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साडेपंधरा तासांच्या जवळपास, डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस नऊ तासांच्या आत. दिवस ठरावीक लांबीच्या खाली गेला की बऱ्याच जातींत वाढ आतूनच बंद होते, मग पाणी उबदार असलं तरी. साताऱ्यात हाच फरक सव्वातेरा तास आणि अकरा तास एवढाच. आपल्या किड्यांपुढे दिवसाचं घड्याळ इतक्या ठळकपणे चालत नाही.

थांबायचं कधी ते दिवस सांगतो, पण पुन्हा चालू लागल्यावर पुढे किती जायचं ते ठरवतं पाण्याचं तापमान. प्रत्येक जातीचा एक उंबरठा असतो. थंड प्रदेशातल्या बऱ्याच चतुरांसाठी तो १० अंशांच्या आसपास. त्याखालचे दिवस जमेत धरायचे नाहीत, मुकादम हजेरीपटावर खाडे धरत नाही तसंच. उंबरठा १० धरला तर सरासरी १२ अंशांचा दिवस २ गुण देतो, २० अंशांचा दिवस १० गुण. म्हणजे १२ अंशांचे पाच दिवस आणि २० अंशांचा एक दिवस यांची मजुरी सारखी. जातीला लागणारी बेरीज भरली की पिल्लू देठावर चढतं आणि कात टाकून चतुर होतं. बेरीज एका उन्हाळ्यात भरली नाही तर दुसरा उन्हाळा लागतो. त्यामुळे एकाच कुळातले चतुर उबदार प्रदेशात वर्षातून दोन-तीन पिढ्या काढतात आणि उत्तरेकडे एका पिढीला दोन, तीन, टोकाला गेलं तर त्याहून जास्त वर्षं लागतात. नातवाच्या तळ्यात मार्चमध्ये सापडणारं बोटभर लांबीचं पिल्लू कदाचित त्याच्या आधीच्या वाढदिवसालाही तिथेच होतं.

एवढं डोक्यात ठेवून आता महाबळेश्वरला या. वेण्णा लेकच्या काठी, लिंगमळ्याच्या बाजूला, निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री गवताची पाती, गाड्यांचे टप आणि धक्क्याच्या फळ्या आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात. गार हवा जड, ती उतारावरून खोलगट भागात साचते. हवामान केंद्राचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, तो ५-६ अंश दाखवत असताना गवताच्या पात्यावर शून्य गाठलं जातं आणि दव गोठतं. पण शेजारचं पाणी? एक घनमीटर पाणी एका अंशाने थंड होताना जेवढी उष्णता देतं, तेवढ्यात साडेतीन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापते. म्हणून त्याच पहाटे हात तळ्यात घातला तर पाणी कोमट लागतं आणि त्यावर वाफ तरंगताना दिसते. त्या भागातल्या शेततळ्यांत जानेवारीच्या सकाळी मला वरच्या थरात साधारण १५-१६ अंश मिळतात, दुपारी २० च्या आसपास. आता वरचा हिशेब लावा. १० चा उंबरठा धरला तरी आपला सगळ्यात गार दिवस जमेतच जातो. ओंटारिओतल्या चतुराला असा दिवस जूनमध्ये मिळतो.

मग पौष-माघात किडे कमी का दिसतात? कारण त्यांचा मोसम आटोपलेला असतो. आपल्याकडचे पुष्कळ किडे पावसाला बांधलेले आहेत. जून-जुलैत अंडी, ऑगस्ट-सप्टेंबरात वाढ, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंख फुटून पसार. थंडीत पाण्यात उरतात त्या लाल अळ्या, पाणढेकूण, भुंगेरे आणि थोडी रेंगाळलेली पिल्लं. शिवाय त्याच महिन्यांत स्ट्रॉबेरीला ठिबकने पाणी उपसलं जातं, तळ्याची पातळी उतरते, काठचा उथळ ओलावा नाहीसा होतो. वर शेततळं प्लास्टिकच्या कागदाचं. त्यात गाळ नाही, गवत नाही, टाचणीच्या पिल्लाला चढायला देठ नाही. कागदाच्या तळ्याची जुन्या मातीच्या तळ्याशी तुलना करून थंडीला दोष देणं बरोबर नाही.

आपल्या किड्यांचा कठीण काळ म्हणजे कोरडेपणा. कासच्या सड्यावरची डबकी बघा. पावसाळ्यात त्यांत जीव उतू जातो, डिसेंबरपर्यंत बहुतेक खडखडीत. तिथले जीव ओंटारिओच्या किड्यांच्याच युक्त्या वापरतात, फक्त बर्फाऐवजी दुष्काळासाठी. कोणी अंड्याच्या रूपात भेगेत थांबतं, कोणी उडून कायम पाण्याच्या तळ्यावर जातं. कास तलाव जवळच असल्याने त्यांचं फावतं. फेअरी श्रिम्प किडा नव्हे, कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचधारी जिवांच्या गटातला, पण त्याची सुकलेली अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. घरातलं उदाहरण हवं असेल तर डेंग्यूच्या एडिस डासाचं घ्या. हौदाच्या भिंतीला चिकटलेली त्याची अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहून पुन्हा पाणी भरताच फुटतात. कोरडा दिवस पाळताना नुसतं पाणी ओतून देऊ नका, हौद आतून घासा, असं आरोग्यसेवक सांगतात ते एवढ्यासाठी. हिमाच्या पाण्यात फुटणारी कॅनडातली अंडी आणि रांजणात फुटणारी आपली अंडी एकाच घराण्यातली.

दोन्हीकडे दिसणारा एक किडाही आहे. पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्याच्या माळावर, परेड मैदानावर, उसाच्या बांधावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. तो पँटाला, जगातला सगळ्यात दूरवर पसरलेला चतुर. त्याची पिल्लं पावसाच्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढतात आणि डबकं आटायच्या आत तो वाऱ्यावर स्वार होऊन निघतो. भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे त्याचे थवे समुद्र ओलांडतात, असं २००९ पासून अभ्यासक मांडत आले आहेत. हाच चतुर उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिण ओंटारिओतही पोचतो. पण तिथला हिवाळा त्याला झेपत नाही, थांबायची युक्तीच त्याच्याकडे नाही.

मुलाला चार गोष्टी कळवा. शरदात तळ्यावर जाळी टाकून झाडांचा पाला पाण्यात पडू देऊ नये, कारण तोच पुढे ऑक्सिजन खातो. पण तळातला गाळ उपसू नये आणि काठचं सुकलेलं पाणगवत कापू नये. गाळात अळ्या आहेत, देठात अंडी. बर्फ किमान १० ते १५ सेंटिमीटर जाड, निळसर आणि घट्ट असल्याची तिथल्या जाणत्यांकडून खात्री झाली, तरच वर जाऊन हिमाचे पट्टे बाजूला सारावेत, आत उजेड जाईल. हवेचा पंप लावायचा असेल तर त्याचा बुडबुडे सोडणारा दगड तळाशी ठेवू नये. तळाचं ४ अंशांचं पाणी वर खेचलं जाऊन सगळंच तळं गारठतं. काठाजवळ, अर्ध्या खोलीवर ठेवावा आणि तिथे बर्फाला एक तोंड उघडं राहू द्यावं.

मोजमाप करायचं तर वर आणि तळाशी वेगवेगळं करावं, नुसता वरचा आकडा फसवतो. महागडं यंत्र लागत नाही. काचेच्या बाटलीला खाली दगड बांधा, सैल बूच लावा आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. बाटली तळाशी सोडून दोरी हिसका देऊन ओढली की तिथलंच पाणी आत शिरतं. दोन-तीन मिनिटं थांबून वर काढा आणि लगेच थर्मामीटर बुडवा. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ अंशांपासून सुरू होतो. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात शून्यापासूनचा मिळतो.

मेढ्याच्या तळ्यात रोहू-कटला सोडले असतील तर याच आकड्यावर खाद्य ठरवा. पाणी २० च्या खाली असेल त्या दिवसांत खाद्य कमी करा आणि ऊन चढल्यावर टाका. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजून तेच करतं जे ओंटारिओत पाला करतो. आणि तळ्यात एका कोपऱ्याला दोन-चार बांबूच्या काठ्या उभ्या रोवा, कागद न फाटेल अशा, बुडाला सिमेंटच्या डब्यात बसवून. टाचण्यांना चढायला जागा मिळाली तर पुढच्या भाद्रपदात त्यांच्या रिकाम्या काती त्या काठ्यांवर मोजता येतील. नातवाने त्याच्या तळ्यावर त्या जूनमध्ये मोजाव्यात, सकाळी लवकर, वाऱ्याने गळायच्या आत.